प्री-लिस्टचे भाऊसाहेब

दहावीची परीक्षा मुलं देतात, असा एक गैरसमज महाराष्ट्रात घट्ट बसला आहे. मुलं पेपर लिहितात, एवढंच. परीक्षा देतो तो हायस्कुलातला क्लार्क. तोही दर वर्षी देतो, पाऊस धरल्यापासून उन्हाळा संपेपर्यंत देतो, आणि त्याला एटीकेटी नाही.

आमच्या नगर जिल्ह्यात या माणसाला भाऊसाहेब म्हणतात. जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सगळ्यात मोठा, तालुके चौदा. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत कुठल्याही हायस्कुलात जा, हेडमास्तर बदललेले असतील, पण भाऊसाहेब तेच असतात. मी ज्यांना जवळून पाहिलं ते नेवाशाकडचे. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते छापून आलं आणि त्यात एक वेलांटी जरी चुकली तर ते दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवतील, तोही तीन प्रतींत.

पांढरा हाफ शर्ट, खिशाला तीन पेनं. निळं लिहायला, लाल चुका दाखवायला, आणि तिसरं कोणी मागितलं तर द्यायला. या तिसऱ्यात रिफिल नसते. टेबलावर काच, काचेखाली बोर्डाची वेळापत्रकं, एकावर एक इतकी की तळाशी गेलात तर अकरावीची मॅट्रिक सापडेल असं वाटतं. १९७५ साली दहावीची परीक्षा आली, त्याआधीचे लोक भाऊसाहेबांच्या लेखी अकरावीवाले. ‘अकरावीवाल्यांचं इंग्रजी चांगलं, पण जन्मतारखा सगळ्या गोलमाल,’ हे त्यांचं एका अख्ख्या पिढीबद्दलचं मत.

त्यांच्या बोलण्यात देवाचं नाव क्वचित येतं, बोर्डाचं सारखं. ‘बोर्डात चालत नाही’ या तीन शब्दांवर त्यांनी आमदारांच्या माणसाला परत पाठवलेलं मी पाहिलं आहे. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ हे संपूर्ण नाव ते फक्त लिफाफ्यावर लिहितात. मंडळ १ जानेवारी १९६६ रोजी सुरू झालं, आता त्याची नऊ विभागीय मंडळं आहेत, आणि नगर व सोलापूर पुणे विभागात येतात, ही माहिती विचारली नाही तरी मिळते. कामासाठी पुण्याला निघाले की एसटी शिरूरला थांबो वा रांजणगावला, फाइल मांडीवरून खाली ठेवत नाहीत. चहासुद्धा खिडकीतून घेतात.

त्यांचं वर्ष सुरू होतं ते जनरल रजिस्टरपासून. हे लांबरुंद, कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं पुस्तक कपाटाच्या वरच्या कप्प्यात असतं आणि किल्ली जानव्याला असते. मुलगा शाळेत आला तेव्हा त्यात जे लिहिलं गेलं ते लिहिलं गेलं. पुढे ते ‘सरल’मध्ये गेलं, यू-डायसमध्ये गेलं, आधारशी ताडून पाहिलं गेलं, अपार नावाचा आणखी एक क्रमांक आला, पण या सगळ्यांचं भांडण झालं की निकाल रजिस्टर देतं. भाऊसाहेबांच्या हिशेबी पोरगं आईच्या पोटी जन्मतं ते तात्पुरतं. कायमचं जन्मतं ते रजिस्टरात.

आणि जन्मतं तेही बऱ्याचदा १ जूनला. आताची मुलं दवाखान्यात जन्मतात, दाखला घेऊनच बाहेर पडतात. पण त्यांच्या बापांच्या आणि आजोबांच्या पिढीत गुरुजी विचारायचे, ‘कधी झालं पोर?’ आणि उत्तर यायचं, ‘बाजरीच्या खळ्यात,’ नाहीतर, ‘थोरला पूर आला त्याच्या आदल्या साली.’ शाळा उघडायची जूनमध्ये. गुरुजी वय बसवायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे. गावोगाव निम्मी माणसं एकाच दिवशी जन्मली. खुद्द भाऊसाहेबही त्यातलेच. आई सांगायची की तू दिवाळीतला. पण कागदावर १ जून, आणि महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी हिशेबात आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ते ३१ मेला घरी जाणार. ‘एका गुरुजीच्या घाईत माझे पाच पगार गेले,’ असं म्हणतात. मात्र दुरुस्तीचा अर्ज त्यांनी कधी केला नाही. रजिस्टराच्या विरोधात जाणं त्यांना स्वतःच्या फायद्यासाठीसुद्धा जमलं नाही.

दहावीचे अर्ज ऑनलाइन भरायचे, मग शाळेच्या लॉगिनला प्री-लिस्ट येते. हा शब्द भाऊसाहेबांच्या घरातली लहान नातसुद्धा म्हणते. प्री-लिस्ट म्हणजे मुलांची नावं, आईचं नाव, विषय, माध्यम, जन्मतारीख, सगळं छापून तपासायचं, मुलांच्या सह्या घ्यायच्या, हेडमास्तरांची सही-शिक्का घेऊन बोर्डाला द्यायचं. इथे चुकलं ते गुणपत्रिकेवर चुकलं, आणि गुणपत्रिकेवर चुकलं ते पासपोर्टपर्यंत चुकलं. प्री-लिस्टच्या आठवड्यात भाऊसाहेब मुलांना चेहऱ्याने ओळखत नाहीत. ‘तो सव्वीस नंबर, ज्याच्या आडनावात दोनदा ए आहे,’ अशी ओळख असते.

खरा कस लागतो तो ज्ञानेश्वरांपाशी. नेवाशात हे नाव घरोघर. स्पेलिंग मात्र घराघराला निराळं. एकजण डी-एन-वाय लिहितो, दुसरा नुसतं डी-वाय, तिसऱ्याच्या आधारवर जी-वाय, आणि पुण्याला राहून आलेल्या एका मावशीने भाच्याच्या नावाला ‘जे’ हे अक्षर लावून ठेवलं होतं. एकदा एकाच तुकडीत माउलींचे चार अवतार निघाले. भाऊसाहेबांनी चौघांना टेबलासमोर उभं केलं.

‘तू कोण?’

‘ज्ञानेश्वर.’

‘ते तोंडाने. कागदाने कोण?’

मुलगा गप्प.

‘बापाला बोलव. येताना आधार, आईचं आधार, आणि पहिलीचा दाखला. बापाला म्हणावं, देवाचं नाव ठेवताना खुशाल ठेवा, पण एकदाच ठेवा.’

याच विषयावर त्यांचा एक सिद्धान्त आहे, आणि मला तो बिनतोड वाटतो. शके १२१२ मध्ये माउलींनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. उतरवून घेतली सच्चिदानंदबाबांनी. आख्यायिका अशी की सच्चिदानंदबाबा वारलेले होते, माउलींनी त्यांना उठवलं आणि मग ते लेखनिक झाले. माउली ज्याला टेकून बसले त्या पैस खांबाकडे हात करून भाऊसाहेब विचारतात, ‘मेलेल्या माणसाला कशासाठी उठवलं? लिहून घ्यायला. म्हणजे क्लार्कची टंचाई तेव्हापासून आहे.’ शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षं अडकलेली, शिपाई निवृत्त झाला त्याची जागा भरली नाही, त्यामुळे घंटाही कधीकधी तेच देतात. अशा वेळी हा विनोद करताना ते हसत नाहीत.

फीच्या मुदती तीन: नियमित शुल्क, विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क. जगातली सगळी माणसं त्यांनी या तीन खात्यांत टाकली आहेत. धाकट्या मेव्हण्याचं लग्न चाळिशीला टेकल्यावर जमलं तेव्हा पत्रिका हातात घेऊन म्हणाले, ‘भरलं एकदाचं, अतिविलंबासह.’ फी न आणणाऱ्या मुलाला मात्र ते सगळ्या वर्गासमोर नाव घेऊन बोलतात. हे मला आवडत नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलंही आहे. त्यावर त्यांचं उत्तर असं की मोठ्याने बोललं की गावात कळतं, गावात कळलं की कोणी ना कोणी भरतं. हा ‘कोणी ना कोणी’ शेवटच्या दिवशी सापडला नाही तर काय होतं ते हेडमास्तरांना माहीत आहे, कारण अर्ज सगळ्यांचे जातात आणि भाऊसाहेबांच्या घरचा किराणा त्या महिन्यात उधारीवर येतो. वर ‘बोर्डात अपुरी संख्या चालत नाही’ हे कारण. दुष्काळ जाहीर झाला की सरकार परीक्षा फी माफ करतं. पण आधी भरायची, मग परत मिळायची. परत द्यायला बँकेचं पासबुक लागतं, पासबुकावरचं नाव वेगळं असतं, आणि भाऊसाहेबांना पुन्हा तारुण्य येतं.

पूर्वी ते पाथर्डीकडे होते. तिथे अर्जांचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकदमच येतो. दिवाळी झाली की कोयते निघतात, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाची उचल फेडायला कारखान्यांच्या वाटेला लागतात. पोरं आजीपाशी, नाहीतर हंगामी वसतिगृहात. एका मुलीच्या आईचं नाव रजिस्टरात एक, मुलीच्या तोंडी दुसरं. आजी तिसरंच सांगे, कारण ती सुनेला घरचं नाव घेऊन हाक मारायची. घरातले सगळे कागद पत्र्याच्या पेटीत आणि पेटी आईबापाबरोबर गेलेली. भाऊसाहेबांनी रविवारी मोटारसायकल काढली आणि भेंड्याच्या कारखान्याच्या बाजूला टोळीचा अड्डा शोधत गेले. कोपीपुढे पेटी उघडली. वर पिठाची पिशवी, खाली लुगडं, लुगड्याच्या घडीत प्लास्टिकच्या पिशवीत मुकादमाच्या हिशेबाची चिठ्ठी, रेशनकार्ड आणि आधार. पाचटावर उकिडवं बसून भाऊसाहेबांनी आईचं नाव वहीत अक्षर-अक्षर सुटं उतरवलं, आणि बाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मला काय वाचता येतंय भाऊसाहेब? तुम्ही म्हणाल ते.’ हा किस्सा त्यांनी मला तक्रार म्हणून सांगितला. पेट्रोल स्वतःचं गेलं, ही तक्रार.

अर्जांत सगळ्यात रंगीत प्रकरण म्हणजे सतरा नंबर. शाळा सुटलेल्याने बाहेरून परीक्षा द्यायची तर १७ नंबरचा अर्ज. तो ऑनलाइन करायचा आणि कागद संपर्क केंद्राच्या शाळेत आणून द्यायचे. नगर शहरात भाई सथ्था नाईट हायस्कूल आहे. दिवसभर दुकानात, गॅरेजात राबलेले लोक रात्री तिथे रीतसर वर्गात बसतात. खेड्यातल्या माणसाला ती सोय नाही, त्याला सतरा. गावचं पोलीस पाटीलपद रिकामं झालं की सतराची चौकशी वाढते, कारण त्याला दहावी लागते. चाळिशी ओलांडलेला, मिशांना पीळ दिलेला गृहस्थ मूळ शाळा सोडल्याचा दाखला घेऊन येतो, दाखल्यावर अर्थात १ जून, आणि भाऊसाहेब त्याला ‘बेटा, फोटोत टोपी काढ’ असं सांगतात. तो काढतो. पुढे तो पोलीस पाटील होऊन परीक्षेच्या बंदोबस्तात फाटकाशी उभा राहिला, तरी भाऊसाहेब त्याला बेटाच म्हणतात.

जानेवारीत हॉल तिकिटं येतात. आता ती शाळेनेच छापायची, सही-शिक्का करून द्यायची, आणि पैसे घ्यायचे नाहीत. २०२५ च्या जानेवारीत त्यांवर मुलांचा जातप्रवर्गही छापून आला. टीका झाली, बोर्डाने दिलगिरी व्यक्त केली, नवी तिकिटं दिली. छापायचा हेतू असा सांगितला होता की मूल शाळेतून बाहेर पडण्याआधी रजिस्टरातली चूक कळावी, नंतर ती बदलता येत नाही. पोरांच्या गळ्यात प्रवर्ग अडकवायचं काही कारण नव्हतं, असं माझं स्पष्ट मत. भाऊसाहेबांचं मत वेगळं: जात काढली हे ठीक, पण शिक्के मारून झालेल्या तिकिटांचा कागद कोण भरून देणार? वरून त्याच सुमाराला जिल्ह्याचं नाव बदललेलं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि शिक्का नवा करावा लागला. जुना त्यांनी टाकला नाही, ‘जुनी पोरं दाखल्याला येतील तेव्हा विचारतील’ म्हणून रुमालात गुंडाळून ठेवला. जन्म अहमदनगरचा, दहावी अहिल्यानगरची. बोर्डाला वाटेल पोरगं जिल्हाबदल करून आलं, ही त्यांची काळजी.

प्रत्यक्ष परीक्षेचे दिवस हा त्यांचा उत्सव. आदल्या दिवशी बाकांवर क्रमांक टाकायचे, एका ब्लॉकला पंचवीस. सकाळी परीरक्षकाकडून पाकिटं निघतात. सोबत रनर असतो, आणि आता तो मोबाइलवर चित्रीकरणही करतो. साडेदहाला मुलं आत. पंचविसाचं पाकीट वर्गात नेऊन, दोन मुलांना सीलबंद असल्याचं दाखवून, त्यांच्या सह्या घेऊन फोडायचं. ज्या दोघांना सही करायला बोलावतात त्यांचे हात असे थरथरतात की जणू कबुलीजबाबावर घेतली आहे. याच तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. तिथल्या घरांना परंपरेने दारं नसतात, चौकट नुसती, चोरीची भीती नाही. पण दहावीचा पेपर तिथल्याही पोरांना कडीकुलपातूनच येतो. शनिदेवावर विश्वास आहे, पालकांवर नाही, असं भाऊसाहेब म्हणतात.

अकराला पेपर, दोन दहाला शेवट. ही वरची दहा मिनिटं पूर्वी आधी मिळायची, पेपर वाचायला. २०२३ पासून ती शेवटी आली. भाऊसाहेब एका खोलीत पुरवण्यांचा हिशेब, बारकोडचे स्टिकर, होलोक्राफ्ट घेऊन बसलेले. किती आले, किती गेले, किती उरले. या तीन आकड्यांचा मेळ बसेपर्यंत ते पाणी पीत नाहीत.

कॉपीबद्दल त्यांना फारसा राग नाही, तिरस्कार आहे. १९८२ चा कायदा आहे, भरारी पथक येतं, बैठं पथक असतं, आसपासची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवतात. तरीही भिंतीपलीकडे कोणाचा तरी चुलतभाऊ उभा असतोच. पथकाची जीप वळणावर दिसली की गावभर बातमी जाते, आणि खिडक्यांतून चिटोऱ्यांचा पाऊस पडतो. भाऊसाहेब दुपारी ते गोळा करायला लावतात आणि वाचतात. वाचून त्यांना जो त्रास होतो तो नैतिक नव्हे. ‘अहो, “प्रकाशसंश्लेषण” पाहून लिहिताना तिसऱ्यांदा चुकलंय. हा काय कॉपी करणार? याला स्वतःचं नावसुद्धा मी शिकवलंय.’

त्यांच्या आयुष्यातलं सर्वांत वाईट वर्ष २०२१. करोनामुळे परीक्षाच रद्द झाली. नववीचे ५० गुण, दहावीचे ३० आणि अंतर्गत २० असा हिशेब करून शाळांनी निकाल लावला. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. पोरं नाचली, संकेतस्थळ कोलमडलं. भाऊसाहेब मात्र सुतकात. बाक नाही, ब्लॉक नाही, पाकीट नाही, आणि उरलेले ०.०५ टक्के कोण हे शोधत बसले. पास होणाऱ्यांत त्यांना कधीच रस नव्हता. या वर्षी नापास कसं व्हायला जमलं, याचं मात्र कुतूहल होतं.

मे महिन्यात निकाल लागतो, दुपारी एकला. संकेतस्थळावर बैठक क्रमांक टाकायचा आणि आईचं नाव टाकायचं. आईचं नाव चुकलं तर निकाल उघडत नाही. ज्या दिवशी हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी भाऊसाहेबांनी ऑफिसात सर्वांना चहा पाजला होता. इतकी वर्षं जे सांगत होतो ते बोर्डाने शेवटी मान्य केलं, या आनंदात.

गेल्या निकालाला मी तिथेच होतो. घोडेगावच्या कांद्याच्या लिलावातून एक बाप तसाच आला, डोक्यावर धूळ, हातात पट्टी. मोबाइलला रेंज नव्हती. भाऊसाहेबांनी खुर्ची दिली, चष्मा बदलला, एका बोटाने क्रमांक टाकला, आईचं नाव टाकलं. पडद्यावर चकरी फिरत राहिली. मग पान उघडलं. भाऊसाहेब पुढे झुकले आणि पेनाच्या टोकाने पडद्यावरचं एकेक अक्षर मोजत गेले. आडनाव झालं. नाव झालं. बापाचं झालं. आईचं झालं, तिथे दोनदा थांबले.

‘काय झालं भाऊसाहेब?’ बापाचा आवाज फाटला.

‘बरोबर आलंय,’ भाऊसाहेब म्हणाले आणि खुर्चीला टेकले. ‘एक अक्षर इकडचं तिकडं नाही.’

‘आन् पोरगं पास हाय का?’

‘ते खाली असतं,’ भाऊसाहेब म्हणाले, ‘तुम्हीच बघा. पुढचा नंबर कोणाचा?’